ताईचे ससे आणि इतर बुडीत मथळे

३ जानेवारी

ती. ताई,

पाय मोडला. घाबरू नकोस, माझाच मोडलाय, आणि तोही आंघोळीच्या स्टुलावरून घसरून. इतकी वर्षं वर्तमानपत्रात मथळे लिहिले, पण असल्या बातमीला मी एक कॉलमही दिला नसता. डॉक्टरांनी दोन महिने पलंगावर खिळवून ठेवलंय. तुझा भाचा कामासाठी परदेशी, सूनबाई दिवसभर कचेरीत, आणि मी छताकडे बघत पडलोय.

फोन केला असता, पण फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू तुझ्या मनाने भरतेस. त्यापेक्षा कागद बरा.

काम असं आहे. आमच्या पेपरचा यंदा सुवर्णमहोत्सव आहे. नवे संपादक म्हणाले, काका, पडल्या पडल्या एक विनोदी सदर लिहा. आपण मोठ्या थाटात छापलेले आणि पुढे तोंडावर आपटलेले मथळे. खास करून पैशाचे. कशात गुंतवा, कशात नको, कशाला सोन्याचा भाव येणार वगैरे. कल्पना झकास आहे, पण कचेरीतले जुने अंक वाळवीने वाचून संपवले आहेत.

मग तुझी आठवण झाली. तू कपाटाच्या फळ्यांवर पेपर अंथरतेस आणि जुना न काढताच वर नवा घालतेस. तुझ्या कपाटात आमच्या पेपरचा सगळा इतिहास थराथराने पडून असणार. तेवढा उकरून पाठव ना! भाऊजींनी हयात असताना ज्या ज्या योजनांत हात पोळून घेतले, त्यांचे मथळे तर हमखास सापडतील.

तुझा,
धाकटा


११ जानेवारी

प्रिय धाकट्या,

स्टुलावर कशाला चढलास? आंघोळ करायला माणूस बसतो की चढतो? लहानपणापासून तुला सरळ बसता येत नाही. पाय नीट ठेव आणि सूनबाईचं ऐक.

तुझ्यापायी दोन दिवस कपाटं उपसली. शिंकून शिंकून जीव गेला. खालच्या मजल्यावरची नर्सबाई ड्यूटीवरून आली, ती मदतीला बसली आणि एकेक मथळा मोठ्याने वाचून हसत सुटली. सोबत कात्रणं पाठवते आहे.

‘कॅसेटला मरण नाही : तज्ज्ञ.’ हे वाचून ह्यांनी कॅसेटच्या कारखान्याचे शेअर घेतले होते. तुमचे हे तज्ज्ञ कोण असायचे रे?

‘एक रोप आज, बंगला उद्या.’ सागाच्या झाडांची योजना. आपलं झाड बघायला आम्ही हौसेने गेलो होतो, आठवतं? रखवालदाराने नंबराचा पत्रा ठोकलेलं झाड दाखवलं. ह्यांनी त्याच्यावरून हात फिरवला. आमच्या मागून आलेल्या कुटुंबाला त्याने पत्रा उलटा करून तेच झाड दाखवलं. 

‘ससे पाळा, चिंता टाळा.’ ह्याच्याबद्दल मी काही लिहीत नाही. कंपनी ससे देऊन पळाली आणि ससे आमच्या न्हाणीघरात राहिले. वाढले. अजूनही गल्लीत नवीन माणसाने माझं घर विचारलं तर ‘सशांच्या बाई ना?’ असंच विचारतात. तीस वर्षं पोरींना शिवण शिकवलं, ते कुणाच्या लक्षात नाही.

आणि हा शेवटचा नीट बघ. ‘घर घेण्याची घाई नको : तज्ज्ञ.’ हा तर तू स्वतः लिहिला होतास. ह्यांनी तो मला दाखवला आणि म्हणाले, बघ, तुझा भाऊच नको म्हणतोय. मी ऐकलं नाही. शिवणाचे पैसे घातले आणि हे घर माझ्या नावावर घेतलं. सगळं बुडालं, हे एवढं राहिलं. आज ह्या दोन खोल्या नसत्या तर मी कुणाच्या दारात उभी राहिले असते?

तुझी,
ताई


२९ जानेवारी

ती. ताई,

तू प्रसिद्ध झालीस! सदराचे तीन भाग आले आणि वाचकांची पत्रं थांबत नाहीत. संपादकांनी स्वतः फोन केला. म्हणाले, मथळे ठीक आहेत, पण तुमच्या ताई म्हणजे कमाल आहे.

तुला न विचारता लिहिलं म्हणून रागावू नकोस. नाव कुठेही घातलेलं नाही. फक्त ‘आमची ताई’. कुठल्या भागात असतात, शिवणाच्या शिक्षिका, एकट्या राहतात, गल्लीत सशांच्या बाई म्हणून ओळखल्या जातात, एवढंच. कानातलं यंत्र काढून ठेवलंस की जग बुडालं तरी तुला पत्ता लागत नाही, ह्यावर लोक फारच हसले. आणि माझ्या मथळ्याला न जुमानता तू घर घेतलंस, त्याची आज किती किंमत आली असेल, हेही लिहिलंय. त्यात माझीच फजिती आहे, तेव्हा तुला तक्रारीला जागा नाही.

तज्ज्ञांचं विचारलंस. रात्रपाळीला जो फोन उचलेल तो तज्ज्ञ. एकदा तर चुकीचा नंबर लागला होता, तरी आम्ही त्या गृहस्थांचं मत छापलं.

मागच्या रविवारी सशांचा भाग आला. माझ्या मते आतापर्यंतचा सगळ्यात चांगला. थोडं तिखटमीठ लावलंय. वाचून कळव.

तुझा,
धाकटा


९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

सशांचा भाग मी वाचलेला नाही. त्या रविवारी पेपरवाल्याने पुरवणीच टाकली नाही. आधीचे भाग नर्सबाईने इमारतभर फिरवले. जिन्यात लोक मला बघून हसतात, पण चांगलं हसतात. तू कात्रण पाठव.

आता खरी बातमी. आपले बुडालेले पैसे परत मिळतायत! एक गृहस्थ येऊन गेले. बुडालेल्या ठेवी सोडवून देणारं कसलं तरी कार्यालय आहे, तिथून आले होते. वय तुझ्या मुलाएवढं असेल. बूट दाराबाहेर काढले, खुर्चीच्या कडेवर बसले. मला ऐकू येत नाही हे त्यांना आधीच माहीत होतं बहुतेक, कारण पहिल्यापासून तोंडासमोर येऊन सावकाश बोलत होते. इतकं कुणी बोलत नाही रे माझ्याशी.

त्यांच्याकडे जाडजूड फाइल. कॅसेट, साग, ससे, सगळं होतं. मी म्हटलं, इतक्या जुन्या गोष्टी तुम्हाला कशा मिळाल्या? तर म्हणाले, मावशी, कंपन्या पळतात, नोंदी कुठे पळतात? आणि त्यांनी सशांची नावंसुद्धा वाचून दाखवली. सोमवार, मंगळवार, बुधवार, अशी सातही वारांची नावं. रविवार म्हणे फार आळशी होता.

पण ते ऐकून मला काहीच आठवेना. आपण सशांना नावं ठेवली होती का? ह्यांनी ठेवली असतील का? रात्रभर आठवत बसले. मागच्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून विसरले होते. आता हे. धाकट्या, आपल्या आईचं शेवटी जे झालं ते तुला माहीत आहे. ती मलाच ‘तुम्ही कोण’ म्हणायची. मला त्याची फार भीती वाटते. हे मी कुणाला बोलले नाही, तुलाच लिहिते आहे.

ते गृहस्थ दोनदा येऊन गेले. घराचे कागद बघायचे होते, पत्त्याच्या खातरजमेसाठी. ते दाखवले. काळजी करू नकोस.

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी (कुरिअरने)

ताई,

सशांना नावं नव्हती. ती नावं मी ठेवली. पलंगावर पडल्या पडल्या, लोकांनी हसावं म्हणून. आळशी रविवारसुद्धा मीच काढला. तुझी आठवण शाबूत आहे. त्या माणसाची फाइल म्हणजे माझं सदर आहे.

तुझं पत्र वाचलं. मी काय काय लिहून बसलोय, ते सगळे भाग पुन्हा वाचले. तू एकटी. तुला ऐकू येत नाही. घर तुझ्या नावावर. गल्लीत काय म्हणून विचारायचं, तेही. चोराला ह्याहून जास्त काय लागतं?

त्याला पुन्हा आत घेऊ नकोस. कशावरही सही करू नकोस. तुला फोन लावला तर तू ‘बरी आहे, बरी आहे’ म्हणून ठेवून दिलास. तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात फोन केला. पलीकडचा म्हणाला, काका, गुन्हा घडलाय का? मी म्हटलं, घडू नये म्हणून तर करतोय. तो म्हणाला, घडला की करा.

कागद ‘दाखवले’ म्हणतेस. म्हणजे दाखवून परत कपाटात ठेवलेस ना? कुरिअरवाल्याला थांबवून ह्याचं उत्तर दे.

धाकटा


१४ फेब्रुवारी

धाकट्या,

दाखवले नाहीत. दिले.

तुला खोटं लिहिलं, कारण तू ओरडशील म्हणून घाबरले होते. दुसऱ्या खेपेला त्याने कागदांचा एक गठ्ठा पुढे केला. बारीक अक्षर होतं, पानं पुष्कळ होती आणि तो इतक्या आदराने प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवत होता. मी सही करत गेले. कशाकशावर केली ते मला सांगता येणार नाही. घराचे मूळ कागद तो शिक्क्यासाठी घेऊन गेला. जाताना मला ‘आई’ म्हणाला.

नर्सबाईला घेऊन पोलिसांत जाऊन आले. त्याने दिलेल्या कार्डावरच्या पत्त्यावर चपलांचं दुकान निघालं. साहेब म्हणाले, बाई, तुम्हीच दिलेत ना? सह्याही तुम्हीच केल्यात ना? आता तो कशाला परत येतोय!

तेव्हापासून जिन्यात पाऊल वाजलं की वाटतं घराचा नवा मालक आला. वाजलेलं मला ऐकूही येत नाही रे, तरी वाटतं. शिवणयंत्रावर चादर टाकून ठेवली आहे. उद्या उचलून न्यावं लागलं तर कुणाला सांगायचं, एवढंच डोक्यात फिरतं.

पण पोलिसांचं ते वाक्य मनातून गेलं नाही. तो परत कशाला येईल? अजून काही मिळणार असेल तरच. आणि अजून काय मिळणार आहे हे तो कुठे वाचतो, ते तुला आता माहीत आहे.

म्हणून येत्या रविवारी असं लिही. ‘सोन्याचे दिवस संपले : तज्ज्ञ’ असा तुमचा एक मथळा होता. तो वाचून आमच्या ह्यांनी तुमच्यावरच्या रागाने सोनं घेऊन बँकेच्या लॉकरमध्ये टाकलं, असं लिही. लॉकर उघडायला बँक घराचे मूळ कागद बघायला मागते आणि ताईला ते कुठे ठेवलेत तेच आठवत नाही, घरभर शोधते आहे, असं लिही. मला वेंधळी करून लिही. तुला ते चांगलं जमतं.

ताई


१६ फेब्रुवारी (कुरिअरने)

ती. ताई,

तुझं शेवटचं वाक्य वाचलं. बोलायला तोंड नाही माझं.

पण तू म्हणतेस ते मी कसं करू? कोल्ह्याला मी स्वतः तुझ्या दारात बोलावू? तो एकटा येईल कशावरून? त्याला संशय आला तर? तुझ्या त्या दोन खोल्यांत, पलंगाला पाय बांधलेला मी काय कामाचा? सूनबाईला सांगितलं तर ती म्हणाली, बाबा, घर गेलं तर आत्याबाई इथे येतील, आपण सांभाळू. खरंच ये ताई. घर गेलं तर गेलं.

हे लिहिलं आणि मलाच माहीत आहे तू काय म्हणशील.

लिहिलंय. संपादकांना सगळं खरं सांगितलं. ते घाबरले, मग पुरवणीच्या पहिल्याच पानावर घेतो म्हणाले. रविवारी येईल. तुला तू सांगितलंस त्याहूनही वेंधळी केली आहे. लोक पुन्हा हसतील. नर्सबाईला एक क्षण दूर जाऊ देऊ नकोस. तो आला की लगेच कळव.

धाकटा


२७ फेब्रुवारी (कुरिअरने)

ताई,

रविवार होऊन गेला, त्याच्या पुढचाही आठवडा संपत आला. तुझा कागद नाही. फोन नुसता वाजतोय. सूनबाईने उद्याच्या गाडीचं तिकीट काढलंय. मी नुसता दाराकडे बघत असतो. बेल वाजली की काळजात धस्स होतं आणि नाही वाजली तरी होतं. दोन ओळी लिही. नर्सबाईला लिहायला सांग. कुणीही लिही.

धाकटा


२८ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

सूनबाई पोचली. शेजारीच बसली आहे, म्हणून आता लिहायला घेतलं. दोन दिवस अक्षर काढवत नव्हतं.

तो परवा आला. दुपारी, बूट दाराबाहेर काढून, एकटा. नर्सबाई आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याला घेऊन जिन्याच्या खालच्या वळणावर थांबली होती. मी म्हटलं, बरं झालं आलात, माझे घराचे कागद कुठे गेले काही कळत नाही हो, बँकेत जायचंय. आणि तो हसला. प्रेमाने हसला. म्हणाला, आई, अहो माझ्याकडेच नाही का दिलेत! आणलेत मी, चला, बँकेत सोबत येतो.

मग माझं मन रमवायला की काय, त्याने तुझ्या सदरातली वाक्यं म्हणायला सुरुवात केली. फाइल न बघता, पाठ. न्हाणीघरातले ससे. कानातलं यंत्र. ताईला घर आठवतं पण घरात काय आहे ते आठवत नाही. तू लिहिलेलं मी हसत वाचलं होतं रे. जिन्यात भेटेल त्याला सांगितलं होतं, माझ्या भावाने लिहिलंय. पण त्याच्या तोंडून ऐकताना मला समोर एक म्हातारी दिसली, जिला कुणीही येऊन फसवावं. ती मी होते. त्या माणसाला ती इतकी खरी वाटत होती की त्याने गठ्ठा सरळ माझ्या हातात दिला. छापलेल्यावर विश्वास ठेवून आजवर मी बुडत आले. त्या दिवशी तो बुडाला.

गठ्ठ्यात घराचे कागद होते आणि माझ्या सह्यांची ती पानंही. मी म्हटलं, चष्मा आणते. आतल्या खोलीत गेले आणि कडी लावली. खिडकीतून पदर हलवला, ही खाली अंगणात उभ्या केलेल्या नर्सबाईच्या मुलीला खूण होती. मग कानातलं यंत्र काढून टाकलं. त्याचं ‘आई, आई’ मला ऐकायचं नव्हतं. दाराला पाठ लावून खाली बसले, गठ्ठा पोटाशी धरून. काही ऐकू येत नव्हतं, पण दार पाठीवर आदळत होतं. प्रत्येक धक्क्याला वाटे, आता कडी निघाली. आपल्या आईला हाक मारली मी. एवढी म्हातारी बाई, पण मारली.

मग धक्के थांबले. ते जास्त वाईट होतं. तो गेला की उभाच आहे, काही कळेना. यंत्र कानात घालायला हात वर जाईना. असा किती वेळ गेला मला माहीत नाही. मग दाराखालून एक चिठ्ठी आत सरकली. ‘मी नर्सबाई. तो पळाला. दार उघडा.’

धाकट्या, मी ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. लिहिलेलं होतं, म्हणून तर भीती वाटली. लिहायला काय, कुणालाही येतं. त्यालाही माहीत होतं की खाली नर्सबाई राहते, तू ते लिहिलं नव्हतंस, पण मीच त्याला बोलले होते. पुन्हा चिठ्ठी आली, मग तिसरी. मी तिन्ही मांडीवर घेऊन रडत बसले. मनात आलं, असं कुणाचंच खरं मानायचं नसेल तर मग हे घर वाचवून मी त्यात काय करणार आहे? आयुष्यभर कडी लावून बसू?

तो पळाला हे खरं होतं. गॅरेजवाल्याच्या हातून निसटला, नुसत्या मोज्यांवर गल्लीतून पळाला. बूट पोलिसांकडे आहेत. तो नाही. तो कुठेतरी आहे, आणि उद्या दुसऱ्या कुणाचं तरी काही वाचत बसला असेल. अजूनही मला झोप नाही. कागद बँकेत नेऊन ठेवले, सह्यांची पानं पोलिसांसमोर फाडली, तरी नाही.

तू तोंड नाही म्हणालास. तसं लिहू नकोस, तुझ्यावर राग धरून मी कुठे जाऊ? पण सदर बंद कर. आणि कधीकाळी पुन्हा लिहावंसं वाटलं आणि त्यात मला घ्यावंसंच वाटलं, तर तिखटमीठ न लावता लिही. दारापलीकडे कोण आहे ते मला ठाऊक नव्हतं, आणि कडी मीच काढली.

तुझी,
ताई